शिक्षण परिषद शिक्षकांना परत द्या

शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्याचा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले कठोर असते: पगार चांगला, दिवाळीला सुट्टी, उन्हाळ्यात सुट्टी, नोकरी कायम, मग ताण कसला आला? दुसरे सहानुभूतीचे असते: बिचाऱ्यांना ताण आहे खरा, वर्षातून एकदा ताणमुक्तीचे शिबिर घ्या, योगासने शिकवा, एखादा प्रेरणादायी वक्ता बोलवा. पहिल्या उत्तराने शिक्षक दुखावतो. दुसरे ऐकून तो टाळ्या वाजवून घरी जातो आणि सोमवारी पुन्हा त्याच वर्गात उभा राहतो. मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत, कारण दोन्हींची चूक एकच आहे. शिकवणे हे काम किती अवघड आहे, हे दोघांनीही जवळून पाहिलेले नाही. शिक्षकाचा ताण मुख्यतः त्या कामातून येतो आणि तो हलका होण्याची वाटही त्या कामातूनच जाते. उद्याच्या वर्गात उपयोगी पडेल असे प्रशिक्षण आणि अडले तर न घाबरता विचारता येतील असे सहकारी, या दोन गोष्टी ज्याला मिळतात तो शिक्षक तगतो.

पगाराचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. ज्यांच्या पगाराकडे बोट दाखवले जाते ते बहुधा वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेले शिक्षक असतात. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन होते. ते १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट बघत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे तर जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतील. पण समजू या की सगळ्यांना उत्तम पगार मिळतो. त्याने घरखर्चाची काळजी मिटते. वर्गातल्या चाळीस मिनिटांत काय करावे ते सुचत नाही, ही काळजी पगाराने मिटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा तिने तो आजार मानला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळलाच गेला नाही की होणारी अवस्था, असे तिचे वर्णन केले. त्याची तीन लक्षणे सांगितली: गळून जाणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. या तिसऱ्या लक्षणापाशी मला थांबायचे आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक शिक्षकांचे दुखणे तिथे आहे.

एक वजाबाकी घ्या. ५२ मधून २७ वजा करा. तिसरीतली पुष्कळ मुले उत्तर लिहितात ३५. मूल सातातून दोन काढते, पाचातून दोन काढते, कारण मोठ्या अंकातून लहान अंक जातो एवढेच त्याला पक्के माहीत आहे. शिक्षक फळ्यावर हातचा घेऊन दाखवतो, पुन्हा दाखवतो, आवाज चढवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३५. महिनाभर हे चालले की शिक्षकाच्या मनात दोनच निष्कर्ष उरतात. एक तर ही मुले ‘ढ’ आहेत, किंवा मला शिकवता येत नाही. पहिल्याने मुलांचे वाटोळे होते, दुसऱ्याने शिक्षकाचे. तिसरी शक्यता त्याला कोणी सांगितलेली नसते: ही चूक ठरावीक आहे, जगभरची मुले ती करतात, तिच्यामागे विचार आहे आणि दशकाचा गठ्ठा सोडून सुटे करण्याचा अनुभव मुलाच्या हातांना मिळाला की ती सुटू लागते. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी कदाचित गेल्याच वर्षी आगपेटीच्या काड्यांचे गठ्ठे वापरून हे करून पाहिलेले असते. पण या शिक्षकाची आणि त्या बाईंची या विषयावर गाठच पडत नाही. ती पडते तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब चालू असतो.

याच्या कितीतरी पट कठीण परिस्थितीत लोक काम करतात. बीड किंवा सांगलीकडचा तरुण भामरागडला नेमला जातो. समोरची मुले घरी माडिया बोलतात, त्याला त्यातला शब्दही येत नाही. मेळघाटात हीच गोष्ट कोरकूची, अक्राणीत पावरी-भिलीची. मुलांना शिक्षक कळत नाही, शिक्षकाला मुले कळत नाहीत आणि पाठ्यपुस्तक दोघांच्याही घरचे नाही. तिथल्या पहिल्या वर्षी त्याला लागते ती मुलांच्या भाषेतून मराठीकडे कसे न्यायचे याची शिकवण, आणि त्याच भागात दहा वर्षे काढलेला एखादा सहकारी. त्याच्या हाती मात्र बदलीचा आदेश आणि शाळेची किल्ली पडते. अशा माणसाला ध्यानधारणेचा वर्ग देऊन आपण कोणती जबाबदारी पार पाडली? ध्यानाला माझा विरोध नाही. ज्याला त्यातून शांती मिळते त्याने जरूर करावे. पण कामाच्या रचनेतला दोष शिक्षकाच्या श्वासोच्छ्वासावर ढकलणे हा अन्याय आहे, आणि तो दयाळू चेहऱ्याने केला म्हणून कमी होत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. तो अनेकदा शिक्षकच घेतात. प्रशिक्षणे काय कमी झाली? उलट प्रशिक्षणांनीच जीव नकोसा केला आहे! हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नीट तपासला पाहिजे. आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली उतरते. राज्यावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. मूळ मांडणारा पाच-सहा दिवस बोललेला असतो, खालच्या पायरीवर त्याचे दोन दिवस उरतात. सुलभकालाच विषय नीट उमगलेला नसतो, म्हणून तो सादरीकरण वाचून दाखवतो. मग प्रशिक्षण ऑनलाइन आले. चित्रफीत लावायची, शेवटचे प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे. २०२२ मध्ये शिक्षकांनी त्यासाठी २,००० रुपये शुल्क भरून ते ऑनलाइन पुरे केले. वेतनश्रेणीला बांधलेले प्रशिक्षण शिक्षक वेतनश्रेणीसाठीच करणार, यात त्याला दोष कसा द्यायचा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले, आणि यंत्रणेने त्यातला आकडा तेवढा उचलला. तास भरले की नाही हे मोजता येते. ते तास संपल्यावर ३५ लिहिणाऱ्या मुलाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

म्हणून ‘प्रशिक्षण कमी करा’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. वाईट जेवण मिळाले म्हणून कोणी जेवण बंद करा म्हणत नाही. चांगले प्रशिक्षण कसे असते हे आपल्या शेजारी दिसून गेले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो उभा केला. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्यात होते. १९७८ पर्यंत तो जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला, पुढे ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला आणि अखेरीस सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक स्वतः मुलांसारखे बसून प्रयोग करत, चुकत, वाद घालत. आणि गोष्ट तिथे संपत नव्हती. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला त्या त्या भागातले शिक्षक एकत्र जमत. वर्गात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आले नाही, पुढच्या प्रकरणात काय अडेल, यावर बोलणे होई. शिकवणारे प्राध्यापकही ‘मला माहीत नाही, शोधू या’ असे मोकळेपणाने म्हणत. ज्या खोलीत मोठा माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणतो, तिथे खेड्यातल्या शिक्षकाची भीड चेपते. तो कार्यक्रम ३० वर्षे चालला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला.

जपानमधल्या शिक्षकांची रीतही याच जातीची आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यातला एक तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघतात, आणि मग सगळे बोलतात. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे तो फसला तर अपयशही वाटून घेतले जाते. एकट्या शिक्षकाच्या डोक्यावरचे ओझे उतरवण्याची याहून साधी पद्धत मला माहीत नाही.

महाराष्ट्राला हे बाहेरून आणायचीही गरज नाही. शाळा संकुलाची कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मांडली. जवळजवळच्या शाळा एकत्र बांधल्या तर प्रत्येक शाळेचे एकाकीपण संपेल आणि शिक्षक मिळून सुधारणा करतील, असा तिचा स्पष्ट हेतू होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९९४ नंतर महाराष्ट्राने ४,८६० केंद्रे उभी केली. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रातल्या शिक्षकांची महिन्यातून एक शिक्षण परिषद. कागदावर याहून चांगली रचना देशात फार थोड्या राज्यांत असेल.

मग बिघडले कुठे? शिक्षण परिषदेला बसून पाहा. सुरुवात स्वागत-सत्काराने होते. मग केंद्रप्रमुख प्रलंबित माहिती वाचतात: कोणाची यू-डायसवरची शाळेची माहिती अपूर्ण आहे, कोणाची आधार जुळणी राहिली, कोणी फोटो ‘लिंक’वर टाकले नाहीत. विषय वरून ठरून आलेले असतात, त्यांवर कोणी तरी भाषण करतो. नंतर जेवण, सह्या आणि गटावर टाकायला छायाचित्र. शिक्षकाने स्वतःहून एक अडचण मांडली आणि चौघांनी तिच्यावर डोके लढवले, असे त्या दिवसात घडेलच याची खात्री नसते. शिवाय केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. २०२३ मध्ये २,३८४ पदांच्या परीक्षेची जाहिरात निघाली आणि ती परीक्षाही पुढे ढकलली गेली. एकेका माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार दिला की तो टपाल पोहोचवण्यापलीकडे काय करणार? मी केंद्रप्रमुखांना दोष देत नाही. त्यांतले अनेक जण स्वतः उत्तम शिक्षक होते. त्यांना माहिती गोळा करायला बसवले ते आपण.

‘आता व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत, शिक्षक रोजच एकमेकांशी बोलतात’ असेही सांगितले जाते. शिक्षकांनी स्वतः काढलेले काही गट खरोखर चांगले आहेत, तिथे कविता शिकवण्यापासून अपूर्णांकांपर्यंत देवाणघेवाण चालते. पण ज्या गटात शिक्षकाला असावेच लागते, तो गट ‘अतितात्काळ’ने सुरू होतो. रात्री दहा वाजता संदेश येतो आणि सकाळी अकराला माहिती हवी असते. ज्या गटात वरिष्ठ अधिकारी वाचत आहेत, तिथे कोणता शिक्षक लिहील की माझ्या चौथीतल्या सहा मुलांना वाचता येत नाही, मला मदत करा? लिहिले तर मदतीऐवजी खुलासा मागणारी नोटीस येईल, ही भीती अनुभवातून आलेली आहे.

शिक्षकांच्या संघटना आहेत, तरीही वर्गातल्या अडचणींत सोबत करण्याचे काम उरतेच. संघटनांनी बदल्या, निवृत्तिवेतन, वेतन यांसाठी लढे दिले आणि ते द्यायलाच हवे होते. पण मोर्चात चालणारा सहकारी वर्गात चालायला येत नाही. ती सोबत वेगळी आहे.

वर्गाचा वेळ खाणाऱ्या अशैक्षणिक कामांबद्दल बोलताना एक जण मला हमखास जोतीराव फुल्यांचा दाखला देतात, म्हणून त्यालाही उत्तर देतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल सविस्तर लिहिले. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला महिना किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे सोपवावीत असेही त्यांनी सुचवले, हे खरे आहे. पण कशासाठी? गावात त्याचा मान वाढावा, लोकांवर त्याचा प्रभाव पडावा म्हणून. आज शिक्षकाकडे येणारी जोडकामे नेमके उलटे करतात. मतदार याद्यांसाठी दारोदार फिरणारा, करोनाच्या काळात तपासणी नाक्यावर आणि रेशन दुकानासमोर उभा केलेला शिक्षक गावाने पाहिला, आणि शिक्षकाला कुठेही उभे करता येते हेच गाव शिकले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, आणि त्याला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद आहेत. त्याच कायद्याच्या अनुसूचीत आठवड्याचे ४५ तास धरताना पाठाच्या तयारीचा वेळही त्यात मोजला आहे. तयारी हे काम आहे, हे कायद्याला मान्य आहे. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात तो वेळ दाखवून द्या, असे माझे कोणत्याही अधिकाऱ्याला आवाहन आहे.

‘कामचुकार शिक्षकांना यातून पाठीशी घातले जाईल’ ही भीती उरते. कामचुकार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्यामुळे सगळ्यांत जास्त त्रास त्यांच्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला होतो. पण मुलांच्या वह्या टेबलावर ठेवून जिथे चर्चा होते, तिथे कोणी काय केले ते लपत नाही. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याला एक दिवस चकवता येते, दर महिन्याला भेटणाऱ्या सहकाऱ्यांना चकवणे कठीण. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. दुर्दैवाने अनेक ठिकाणी फक्त फरशीवर रंगवलेल्या आकृत्या उचलल्या गेल्या. त्या आकृत्यांमागे शिक्षकांचे जे एकत्र बोलणे होते, ते कोणत्याही आदेशाने पाठवता आले नाही.

आणखी एक सावधानता. २०२० चे धोरण म्हणते की लहान शाळांचे एकटेपण शिकण्याला मारक आहे आणि शिक्षक समूहात चांगले काम करतात. हे वाक्य पुढे करून लहान शाळा बंद करण्याचा विचार महाराष्ट्रात २०२३ साली समूह शाळांच्या नावाने पुढे आला. २० पेक्षा कमी मुले असलेल्या सुमारे १५ हजार शाळा तेव्हा आपल्याकडे होत्या, आणि बहुतेक ठिकाणी एक-दोनच शिक्षक होते. त्या शिक्षकांचे एकटेपण खरे आहे. पण ते घालवायला वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला पाच किलोमीटर चालवायची गरज नाही. महिन्यातून एकदा शिक्षकांनी एकत्र जमणे पुरे आहे. त्या दिवशी मुलांचा अभ्यास बुडेल म्हणणाऱ्यांनी पहिली ते पाचवीसाठी कायद्याने ठरवलेले २०० दिवस आठवावेत, आणि त्यांतले किती दिवस सध्या माहिती भरण्यात जातात हे एकदा आपल्या शाळेत विचारावे.

मनाचा खरा आजार बैठकीने बरा होत नाही, हेही मी जाणतो. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला डॉक्टरच हवा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मदतवाहिनी त्यासाठी आहे आणि तिचा क्रमांक प्रत्येक शाळेत लावला पाहिजे. पण ‘सर, तुम्ही हल्ली बोलत नाही’ हे आधी कोणाच्या लक्षात येणार? जो दर महिन्याला भेटतो त्याच्या.

मागणी मोठी नाही. शिक्षण परिषदेच्या दिवशी कोणतीही माहिती मागू नये. विषय केंद्रातल्या शिक्षकांनी ठरवावेत, आणि प्रत्येकाने एका मुलाची वही किंवा फसलेला एक पाठ घेऊन यावे. तिथे बोललेले कोणाच्याही गोपनीय अहवालात जाता कामा नये. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी त्याच भागातला एक अनुभवी सहकारी नेमून द्यावा आणि त्या सहकाऱ्याला त्यासाठी प्रवासभत्ता व मोकळा वेळ द्यावा. यासाठी नवा कायदा नको, इमारत नको, वक्ताही नको. केंद्रप्रमुखांची पदे भरा आणि त्यांच्या हातातली माहितीची भेंडोळी काढून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनो, पुढच्या सभेत शाळेच्या रंगरंगोटीनंतर एक प्रश्न विचारा: गेल्या शिक्षण परिषदेत आमच्या गुरुजींनी आणि बाईंनी मुलांबद्दल काय विचारले, आणि त्यांना काय उत्तर मिळाले?